बस परत आणायचा अर्ज

फुलपाड्यात आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत येणारी बस एका सोमवारी आलीच नाही. मंगळवारी कळलं, आता ती नाक्यावरूनच वळणार. नाका काही फार लांब नाही, पण ते आमच्या तळमजल्यावरच्या मावशींना सांगून बघा. सत्तरीच्या मावशी वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तरी रोज दोन टोपल्या भाजी घेऊन स्टेशनबाहेर बसायच्या. त्या टोपल्या घेऊन नाक्यापर्यंत चालल्या आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला तेल चोळत घरी बसल्या.

मी अर्ज लिहायचं ठरवलं. माझी सगळी नोकरी शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. बोलण्याचं स्वातंत्र्य, शांततेने एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य, सगळं फळ्यावर लिहून झालं होतं. स्वतः मात्र साधा अर्जही कधी केला नव्हता.

जिने चढून सह्या गोळा केल्या. मावशी अडून बसल्या.

"मी सही नाय करायची. आमच्या ह्यांनी न वाचता केली नि बांधालगतची जमीन गेली."

"मी वाचून दाखवते ना."

त्यांनी 'महोदय'पासून 'आपले नम्र'पर्यंत सगळं ऐकलं. "यात भाजीवालीचं काय लिवलंच नाय," म्हणाल्या. मी एक ओळ वाढवली. मग त्यांनी एकेक अक्षर सुटं काढत सही केली.

अर्ज घेऊन आम्ही अकरा बायका बससेवेच्या कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "साहेब मीटिंगला गेलेत. ठेवून जा. शिक्काबिक्का मिळणार नाही."

मावशी पुढे सरकल्या. "पैसे घेतल्याबिगर मी मेथीची जुडी देत नाय. तुम्हाला कागद फुकट कसा देऊ?"

कारकुनाने खिडकी लावून घेतली. आम्ही व्हरांड्यात, भिंतीच्या कडेला बसलो. अर्ध्या तासाने एक महिला पोलीस आली.

"ताई, परवानगी आहे का? असं जमून बसता येत नाही."

इतकी वर्षं शिकवलेलं ऐनवेळी कुठे गेलं कुणास ठाऊक. तरी मी म्हटलं, "आम्ही वाट अडवलेली नाही, घोषणाही देत नाही. अर्ज द्यायला आलोय. शिक्का मिळाला की जातो."

तिने अर्ज मागून घेतला आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचला. मग खिडकीवर टकटक केलं. "घ्या हो अर्ज. कागदच तर आहे."

शिक्का बसला. जिना उतरताना ती हळूच म्हणाली, "मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. मला सही करून चालणार नाही. पुढचा अर्ज केलात तर सासूबाईंना विचारा, त्या घरीच असतात."

महिन्याभराने बस गल्लीत यायला लागली, पण फक्त सकाळ-संध्याकाळ. दुपारच्या बससाठी दुसरा अर्ज लिहून मी त्या सासूबाईंकडे गेले. त्यांनी सगळ्यात वर सही केली, चहा पाजला आणि मी निघताना विचारलं, सुनेच्या ड्यूटीच्या वेळा बदलून मिळाव्यात म्हणूनही असाच एखादा अर्ज लिहून द्याल का?