त्या मे महिन्यात लोखंड निवलं नाही

बहात्तर सालच्या मे महिन्यात मी नगरला दफेदार होतो. चार जणांचा एक रणगाडा माझ्या ताब्यात होता. “नगरला ऊन काय नवं आहे?” असं कुणी म्हणालं, की मी सरळ उठून जातो. तोवर तिथे दिवसा कितीही पेटलं तरी पहाटे घोंगडी ओढावी लागे. रणगाड्याचं लोखंडही रात्रीतून निवायचं. म्हणून आमचा रिवाज होता, पहाटे टरेटवर, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या फिरत्या बुरुजावर, तळहात टेकवायचा. गार लागलं तरच हॅच, म्हणजे वरची झाकणं, बंद करून सराव.

त्या मे महिन्यात मात्र रात्री निवल्याच नाहीत. जवान उठायचे तेच दमलेले.

त्यात पाण्याची शिस्त. सरावावरून बाटली भरलेली परत आणायची. कमी पाण्यावर जवान कणखर होतो म्हणे. डोंबलाचा कणखर. बाटली रिकामी दिसली की रजा बंद.

माझा ड्रायव्हर सवार भिवा नगरकडच्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातला, कामाला वाघ. त्याला मुलगी झाली होती, अजून पाहिली नव्हती. रजा सोमवारपासून होती.

त्या पहाटे टरेट तापलेलं लागलं. मी रेडिओवर हॅच उघडी ठेवायची परवानगी मागितली. कॅप्टनसाहेब झाडाखाली जीपमध्ये होते.

“हॅच बंद. चलते रहो.”

ऊन चढलं. भिवा पुढे, खाली बसलेला. मला दिसत नसे. मी इंटरकॉमवर म्हणालो, “भिवा, पाणी पी.”

“नको, दफेदारसाहेब. रजा जाईल. पोरीला बघायचंय.”

“पी म्हणतो ना.”

“व्हय.”

थोड्या वेळाने रणगाडा बाभळीत घुसून थांबला. हाका मारल्या, उत्तर नाही. हुकमाची वाट न बघता हॅच उघडल्या आणि त्याला ओढून बाहेर काढलं. अंग कोरडं, तव्यासारखं तापलेलं. “ड्रायव्हर पडला. डॉक्टर पाठवा,” मी कळवलं. आम्हा तिघांच्या बाटल्यांतलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. डॉक्टर येण्याआधीच तो गेला.

संध्याकाळी बाटल्या तपासल्या गेल्या. भिवाची त्याच्या सीटखालीच राहिली होती, ती मी नेली. भरलेली होती.

“गुड,” कॅप्टन सवयीने म्हणाले. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

आता मी राहतो त्या बेलापुरात दर उन्हाळ्यात तशा रात्री येतात. पहाटे मी दाराच्या लोखंडी गेटवर तळहात टेकवतो. गरम लागलं की अकोल्याला भिवाच्या लेकीला फोन करतो. ती शेतावर निघालेली असते.

“पाणी पी, बाई.”

“व्हय, काका.”

तिचा बापही असंच म्हणाला होता. म्हणून घोट ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.