अंड्याला विचारणारे सर

"अंड्याला विचारू," असं म्हणत सर चष्मा कपाळावर सरकवत. धुळ्याच्या कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. उत्तर पुस्तकात सापडलं नाही की सरांचं अंडं पुढे येई.

आमच्या संस्थेच्या चिटणीसांना बेडूक चालत, अंडी चालत नसत. "बेडूक कोणी खात नाही," ते म्हणत. "अंड्यांनी मुलं बिघडतात." म्हणून सरांची उबवणीची पेटी, म्हणजे कंदील ठेवलेलं खोकं, 'भूगोल' असं लिहिलेल्या कपाटात असे.

मी शिंदखेड्याकडचा, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. वर्गात सहसा बोलत नसे. एकदा मात्र घाबरत विचारलं, "सर, वहिनी पोटुशी आहे. ग्रहणात आई तिला वांगंही चिरू देत नाही. बाळाचा ओठ फाटतो म्हणते. खरं असेल का?"

"एरवी वहिनी काय करतात?"

"कपाशीवर किडीची पावडर मारते. फडक्यात बांधून, हातानं झटकत."

सरांनी खडू खाली ठेवला. "ते थांबवता येईल?"

"घरी माझं कोण ऐकणार, सर?"

"मग अंड्याला विचारू."

ग्रहणात सर गच्चीवर अंड्यांशेजारी वांगी चिरत बसले. शिपायानं खालूनच हात जोडले. दुसऱ्या अंड्यांना ते रोज पावडर चोळत. ग्रहणातली पिल्लं चिवचिवत निघाली. पावडरीची अंडी बहुतेक गारच राहिली. एक पिल्लू निघालं, पाय पिळलेलं. त्या दिवशी सरांनी एकही विनोद केला नाही.

"अंडं म्हणजे बाई नव्हे," ते म्हणाले. "एवढ्यावरून ठाम सांगता येत नाही. पण बाईवर करून पाहायचं का? चल, तुझ्या गावी."

ओसरीवर मोठा भाऊ म्हणाला, "दुकानदारनी सोता पावडर चाटी दखाडी. काहीच व्हत नही."

दाराआडून वहिनी म्हणाली, "दुकानदार काय पोटुशी शे?"

सरांनी टोपीतून पिल्लू काढून जमिनीवर ठेवलं. ते उठलं, पडलं, पुन्हा उठलं.

"कोंबडीनं शे हाई," आई म्हणाली. "मान्हुसनं नही."

"म्हणूनच आणलं, आई," सर म्हणाले.

आईनं पिल्लापुढे पाण्याची वाटी ठेवली. खुंटीवरची पावडरीची पुरचुंडी काढली आणि भावाच्या अंगावर फेकली. "आते तूच झटक."

पुढे चिटणीसांच्या भाषणात भूगोलाचं कपाट चिवचिवलं आणि सरांची नोकरी गेली. ते कुठे गेले, कळलं नाही. वहिनीला धडधाकट मुलगी झाली. पावडर सोडल्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. सर रागावले असते.

लंगडी कोंबडी मात्र आमच्या अंगणात बरीच वर्षं फिरत होती. गावातली पोटुशी बाई आली की आई त्या कोंबडीकडे बोट दाखवून बजावे, "गऱ्हान देखानं नही, नी पावडरले हात लावानं नही."

"कोन सांगं व माय?"

"जुना लोक सांगी गयात."

सरांना तेव्हा तिशीही लागली नव्हती.