डॉक्टरांच्या फोटोला घातलेला हार

जर्मनीत कार्ल्सरूहेजवळच्या एका गावात आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. वर घरमालकीणबाई, वय पंच्याऐंशीच्या पुढे. आमची लेक शाळेतून आली की दप्तर फेकून त्यांच्याकडे केक खायला पळते. जिन्यात त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. गावचे डॉक्टर होते, एवढंच मला ठाऊक होतं.

मागच्या दसऱ्याला झेंडूचा एक हार उरला. विचारून काही करणं माझ्या स्वभावातच नाही. घरातलं वडीलधारं माणूस, त्यातून डॉक्टर! घातला फोटोला.

बाई जिना उतरत आल्या, हार बघितला आणि पायरीवरच थांबल्या.

"हे कशासाठी?"

"आमच्याकडे गेलेल्या मोठ्या माणसांना घालतात. मानाने."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच काढा."

मग त्यांनी सांगितलं. वडील सायकलवरून घरोघरी बाळंतपणं करत फिरायचे. पुढे ते हिटलरच्या पक्षात शिरले आणि बघता बघता जिल्ह्याचे प्रमुख झाले. दवाखाना सुटला, गणवेश आला. वेडसर, अपंग म्हणून ज्यांना गाडीत घालून नेलं, त्यांच्या कागदांवर वडिलांच्या सह्या होत्या. परत कोणीच आलं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची मुलगी तर यांच्याच हातून जन्मलेली. तिचाही कागद त्यात होता. युद्धानंतर थोडी वर्षं तुरुंग, आणि पुन्हा दवाखाना सुरू! माझं डोकंच फिरलं.

"मग फोटो ठेवलात कशाला?" मी फटकन विचारलं.

"कोणीतरी विचारावं म्हणून. कोणी विचारलंच नाही." मग हळूच म्हणाल्या, "मुलीला वर पाठवाल ना आता?"

मला लगेच हो म्हणता आलं नाही. त्याची अजून लाज वाटते. "तिला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, काही न लपवता. मी शेजारी जीव मुठीत धरून बसले होते. लेकीने सगळं ऐकलं, बेकरीवाल्याच्या मुलीचं नाव विचारलं. बाईंना ते पाठ होतं. मग तिने फोटोवरून काढून ठेवलेला तो सुकत चाललेला हार उचलला आणि खाली धावली. बेकरीच्या जागी आता सायकलींचं दुकान आहे. त्याच्या दाराला तिने हार लावला, कोणालाही न विचारता. शेवटी लेक माझीच.

बाई खिडकीत उभ्या राहून बघत होत्या.

लेक धापा टाकत परत वर आली आणि तिने जर्मनमध्ये त्यांना विचारलं, "उद्या कुठला केक?"