काल म्हणजे पाय

लग्न होऊन मी कराडजवळच्या गावातून वाशीला आले, तेव्हा आमच्या इमारतीत निम्मीच बिऱ्हाडं होती. समोरच्या दारातली मल्याळी बाई तळवलीकडच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. मी तिला चेची, म्हणजे ताई म्हणायची. रोज तिच्याकडून चार-सहा शब्द विचारून घ्यायचे आणि पोळ्या लाटताना घोकायचे, हा माझा नेम. "कै म्हणजे हात, काल म्हणजे पाय."

एक शब्द मात्र तिनं सांगितला नाही. तिची मुलगी जेवताना ताट सरकवून म्हणायची, "वेण्डा!"

"तूच ओळख," चेची हसायची.

तिखट? गरम? बरेच दिवस डोकं खाजवलं, तेव्हा कुठं उमगलं: नको.

एका दुपारी चेची कामावर होती आणि केरळहून आलेली तिची आई घरात एकटी. धप्पकन आवाज आला. दार उघडंच होतं, मी धावले. अम्मा मोरीपाशी पडल्या होत्या.

"काल... काल..."

"काल? अहो, पडलात तर आत्ता!"

इतका घोकलेला शब्द कानावर आदळत होता आणि मला त्यात फक्त आदला दिवस ऐकू येत होता. उठवायला म्हणून मी त्यांच्या काखेत हात घातले.

"वेण्डा!" त्या किंचाळल्या.

माझे हात जागच्या जागी थांबले. मला काही कळायच्या आधीच. मग नजर खाली गेली. घोट्यापाशी पाय भलताच वळला होता.

खालच्या दुकानदारानं टेम्पो काढला. फळीवर निजवून आम्ही अम्मांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी प्लॅस्टर झाल्यावर चेची म्हणाली, "'काल' तुला येत होतं ना?"

"पाठ होतं गं."

पाठ होतं ते ऐनवेळी गेलं कुठं, याच धक्क्यात मी रात्री जेवलेही नाही.

पुढचे दीड-दोन महिने दुपारी मी अम्मांजवळ बसायची. त्या बोलायच्या, मी अंदाज बांधायची, चुकायची. चेची अर्थ सांगायला लागली की मीच तिला गप्प करायची. एकेका शब्दात अख्खी दुपार जायची, डोकं दुखायचं. पण तो शब्द मग हलायचा नाही.

अम्मा काठी टेकत गावी निघाल्या, तेव्हा लोणच्याची बरणी न्यायची की नाही यावरून त्या आणि मी दारात मल्याळममध्ये कडाकडा भांडलो.