अंजनाला वाचून दाखवलेलं पान

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जळगावला कॉलेजात फिजिक्स शिकवते. अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसूच फुटायचं. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर तुम्हाला बोल लावणार नाही.

माझे वडील, नाना, भडगावचे. गिरणेकाठच्या झाडा-पाखरांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. त्यांची एक खोड होती... ज्या झाडावर लिहिलं, त्याच्या बुंध्याशी बसून ते लिखाण त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे! आम्ही भावंडं जाम चिडवायचो.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. त्यांचं शेवटचं पुस्तक छापायला जायचं होतं, पण आमच्या शेताच्या बांधावरच्या अंजन वृक्षाचं प्रकरण अर्धंच राहिलेलं. ते मी पूर्ण केलं, नानांच्या भाषेत. शेवट जोरदार हवा म्हणून ठोकून दिलं — 'त्या उन्हाळ्यात अंजन वठला. पुन्हा पालवला नाही.' साफ खोटं. झाड ठणठणीत होतं.

जानेवारीत, भर दुपारी, आईला सोबत घेऊन मी ते पान झाडाला वाचून दाखवलं. नानांची रीत पाळावी, एवढंच मनात होतं. शेवटच्या ओळीला वारा पडला आणि माझाच आवाज मला परका वाटला... जाड, घोगरा. आईने माझा हात घट्ट धरला.

"तुना नानाच वाची ऱ्हायना असं वाटनं माले."

चैत्रात अंजनाला तांबूस पालवी येते. एका सकाळी आईचा फोन आला, "बठ्ठा अंजन फुटनात व माय, हाऊच कसा सुका शे?"

सगळे अंजन फुटलेले, आमचाच सुका. मी तशीच निघाले. शेतीतल्या जाणकार मित्राने साल पाहिली, मुळं उकरली. वाळवी नाही, रोग नाही. प्रकाशकांना फोन करून मी ते प्रकरण काढायला लावलं. मग बुंध्याला हात लावून, 'मी खोटं लिहिलं होतं' असं मोठ्याने म्हणत ढसाढसा रडले. पावसाळा सरला, तरी एक पान आलं नाही. योगायोग म्हणा... मला मात्र वाटतं, नानांचं झाड मी मारलं.

पुस्तक आलं तेव्हा आईने त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवला. मग लाजत हसली.

"आते मन्हावर लिख. आन माले वाची दाखाड."

तिच्यावर लिहून तिलाच वाचून दाखवायला मी हो म्हणून बसले. चार महिने झाले, एक अक्षर लिहिलेलं नाही. ती रोज फोनवर विचारते, "लिखं का?"