शेठ आणि संपलेला मासा

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या मित्रांनी ‘शेठ’ हे नाव ठेवलं, त्यात फायदा मित्रांचाच होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पगार बेताचा. त्यातून खोलीचं भाडं आणि आईची औषधं. पण चौकडी जेवायला बसली आणि बिल सारखं वाटलं गेलं की हा नुसता सोडा पिऊनही इतरांइतकेच पैसे काढायचा. मी म्हणायचे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तो हसून म्हणायचा, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे त्याला एक मुलगी आवडली, पण तिच्यापुढेही त्याने ही मूठ उघडली नाही. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिथली लिफ्ट बंद पडली, हा दुरुस्त करायला गेला आणि लिफ्ट ठणठणीत झाल्यावरही तपासायला जात राहिला. मग शनिवारी संध्याकाळी हॉटेलात भेटणं सुरू झालं, आणि इथे शेठजींनी डोकं लढवलं. दुपारीच हॉटेलात जायचं, जमतील तेवढे पैसे वेटरच्या हातात ठेवायचे आणि सांगायचं, एवढ्यात बसेल तेवढंच आण. वरचं काही मागितलं तर संपलंय म्हण. तिच्यासमोर पाकीट चाचपायची वेळ येऊ नये, एवढाच हेतू. असली अक्कल आमच्याच घरात निपजते.

वेटर इमानी निघाला. तिने सूप मागितलं, ते संपलेलं. भाजलेला मासा, तोही संपलेला. आइस्क्रीम तर त्या हॉटेलात कधी नसायचंच म्हणे. ती बिचारी चहा-सँडविचवर शनिवार काढत राहिली. दुसरीकडे जाऊ म्हणाली की हा म्हणायचा, इथला वेटर ओळखीचा आहे.

मग एका शनिवारी शेजारच्या टेबलावर मासा आला. चांगला अख्खा, वाफाळता. तिने माशाकडे पाहिलं, मग वेटरकडे. वेटर भिंतीकडे बघत राहिला. मग पर्स उचलून ती हळूच म्हणाली, “म्हणजे सगळं माझ्यापुरतंच संपतं. तुला माझा कंटाळा आलाय ना? तसं सांग. मी नाही त्रास देणार.”

शेठ मला नंतर म्हणाला, ताई, गप्प बसावं तर ती उठून जाणार, आणि बोलावं तर इतकी वर्षं जपलेली अब्रू जाणार. माझा भाऊ आपल्या तंगीबद्दल तोवर आयुष्यात कधी बोललेला नव्हता, माझ्याजवळसुद्धा नाही.

“काही संपलेलं नसतं,” तो म्हणाला. “मीच संपवायला सांगतो. माझ्याकडे तेवढेच असतात.”

आणि मग त्याला थांबवेना. भाडं, औषधं, चौकडीची बिलं, महिनाअखेरीची ओढाताण, सगळं बोलून मोकळा झाला. तिने मधे एकदाही तोडलं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती चिडलीही होती. मला तरी तो राग रास्त वाटतो. पर्स तिने खुर्चीवर परत ठेवली आणि वेटरला एक चहा, दोन कपांत आणायला सांगितला.

“मी रोज आरशात बघत होते, माझ्यात काय कमी आहे म्हणून,” ती म्हणाली. “यापुढे उपाशी ठेवायचं तर सांगून ठेव.”