डोरीनबाईंचा डेलिया

हे मंगलमूर्ते, हे लंबोदरा, तुझ्या उदरात साऱ्या विद्या आणि भक्तांचे सारे घोटाळे सारख्याच सुखाने मावतात. म्हणून आधी तुझ्या चरणी माथा. जो धान्याच्या कोठारात चोरपावलांनी शिरतो, त्या उंदरालाही तू हाकलले नाहीस. त्याला जवळ घेतलेस, वाहन केलेस, मोदकांच्या ताटाशेजारी मानाने बसवलेस. आजची कथा तुझ्या अशाच एका लाडक्याची आहे. तो भाबडा आहे, भाविक आहे, आणि एक उन्हाळाभर सारा रस्ता त्याच्या शोधात होता. त्याच्यावर तुझी दृष्टी असू दे, आणि ऐकणाऱ्यांना पोटभर हसू दे.

त्याचे नाव राजन केळुसकर. मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी हॅमिल्टनला आले, पोलादाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत सारी नोकरी केली, निवृत्त झाले, आणि लेक ऋचाने ब्रिटिश कोलंबियातल्या विलो बेंड नावाच्या चिमुकल्या गावी दातांचा दवाखाना काढला तेव्हा तिच्यामागोमाग पत्नी मृणालिनीसह तिथे येऊन राहिले. हॅमिल्टनच्या कंडोत शेजारी भेटे तो लिफ्टमध्ये, आणि दोघेही माना वर करून मजल्यांचे आकडे वाचत उभे राहत. विलो बेंडची घरे मात्र बैठी, कुंपणे कमरेएवढी, आणि त्या कुंपणांवरून काय ती फुले! जूनमध्ये पिओनी, जुलैत गुलाब आणि हॉलीहॉक, ऑगस्टमध्ये डेलिया. ती शोभा पाहून राजनरावांना आपले देवघर आठवले, आणि देवघराला परडी आठवली.

पहाटे उठावे, स्नान करावे, सदऱ्यावर जॅकेट चढवावे, एका हातात परडी आणि दुसऱ्या हातात वाकड्या मुठीची काठी घ्यावी, आणि देवासाठी फुले आणावीत, असा त्यांचा नेम सुरू झाला. आणावीत म्हणजे कुठून? तर कुंपणाबाहेर झुकलेल्या फांद्यांवरून. ही वेंगुर्ल्याची रीत. तिथे उजाडायच्या आधी निम्मे गाव उरलेल्या निम्म्या गावाच्या तगरीखाली उभे असते, आणि कोणी कोणाला हटकत नाही. घरमालकाला जाग आली तरी तो कूस बदलतो. पाणी घालणारा एक, तोडणारा दुसरा, आणि फूल तिसऱ्याचेच. राजनराव कुंपणाच्या आत कधी हात घालत नसत. एखादी फांदी फारच लाजाळू निघाली, तर काठीच्या मुठीने तिला बाहेर यायला थोडी मदत करत, इतकेच.

आता विलो बेंडला गावाचे असे वेगळे पोलीस नाहीत. साऱ्या देशाचे जे राष्ट्रीय पोलीस दल, त्याचीच एक छोटी चौकी तिथे आहे. दर वसंतात चौकीची प्रमुख, कॉर्पोरल ब्रॉन्विन टेट, गावकऱ्यांना कम्युनिटी हॉलमध्ये बोलावते, कॉफी पाजते, आणि यंदा आम्ही कोणत्या कामाला अग्रक्रम द्यावा, असे विचारते. त्या वर्षी गावाने सांगितले, उघड्या गाड्यांमधून होणाऱ्या चोऱ्या थांबवा, भरधाव ट्रकना आवरा, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करा. कॉर्पोरलने ते मान्य केले, आणि मग म्हणाली की यातले अर्धे काम आमचे, अर्धे तुमचे. रात्री गाडी लॉक करा, गॅरेजचे दार ओढा, आणि आपल्या शेजाऱ्याचे नाव माहीत करून घ्या. प्रत्येक रस्त्यासाठी एक राखणदार नेमला जाईल, त्याला चमकत्या पट्ट्यांचे पिवळे जॅकेट मिळेल.

शेजाऱ्याचे नाव. हे शब्द राजनरावांच्या कानांतून थेट काळजात उतरले. इतकी वर्षे या देशात काढली, कर भरले, बर्फ उपसले, पण रस्त्यावरच्या कोणी नावाने हाक मारावी हे सुख मिळाले नव्हते. ते पिवळे जॅकेट अंगावर आले, की आपण या रस्त्याचे झालो, असे त्यांच्या मनाने घेतले; आणि एकदा त्यांच्या मनाने घेतले, की मग ते मृणालिनीबाईंनाही काढता येत नसे.

त्यांनी नेमणुकीची वाट पाहिली नाही. संध्याकाळी जेवण झाले की रस्त्याने निघत आणि प्रत्येक गाडीचे दार ओढून पाहत. उघडे लागले, तर आतल्या सीटवर एक बेसनाचा लाडू आणि चिठ्ठी ठेवत: गाडी उघडी होती, देव तुमचे रक्षण करो. लवकरच चौकीत फोन आला की एक वयस्क गृहस्थ गाड्यांची दारे चाचपतो आहे. कॉर्पोरल टेट घरी आली, आणि हेतू उत्तम असला तरी चोर नेमके हेच करतात, असे तिने फार प्रेमाने समजावले. जाताना लाडवाची कृती विचारून घेतली. राजनरावांना वाटले, आपली बढती आता जवळ आली.

त्यांच्या घरापासून जवळच डोरीनबाई राहत. नवरा गेलेला, मुले दूर, आणि सारी माया डेलियांवर. गावाच्या फॉल फेअरमध्ये, म्हणजे शरदातल्या जत्रेत, दर वर्षी त्यांच्या फुलाला दुसरा क्रमांक मिळे. यंदा मात्र कुंपणालगतच्या झाडाला एक लाल कळी धरली होती, ती उमलली की ताटाएवढी होणार होती. डोरीनबाईंनी तिचे नाव हेन्रिएटा ठेवले होते. ऑगस्टमधल्या एका दुपारी त्यांनी राजनरावांना कुंपणाशी थांबवले आणि आपले दुःख सांगितले. जूनपासून कोणीतरी पहाटेची फुले नेत होते. पिओनी गेल्या, गुलाब गेले. रस्त्यातल्या इतरांचीही हीच तक्रार होती. मोडतोड काही नाही, पाऊल कुठे उमटत नाही. चोर मोठा सराईत असावा.

राजनराव संतापले. एकट्या बाईची फुले चोरायची, ही काय माणुसकी झाली? ते तसेच घरी आले आणि त्या अज्ञात नराधमाविषयी बोलू लागले. मृणालिनीबाई मटार सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

“अहो, चोर सापडला तर काय कराल?”

“पोलिसांच्या हवाली करीन. दयामाया नाही.”

“मग डबा भरून देऊ का तुमच्याबरोबर?”

“डबा कशाला? मी काय रात्रभर पहारा देणार आहे?”

बाईंनी सोललेले दाणे वाटीत टाकले. मग विचारले की रोज सकाळी परडीत येतात, ती फुले कोणाची. राजनराव म्हणाले, देवाची. यात त्यांना लपवाछपवी कोणतीच वाटत नव्हती. फुले आणणे आणि फुले चोरणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात दोन वेगळ्या गावी राहत होत्या, आणि त्या गावांमध्ये रस्ता नव्हता. बाईंनी एक शेंग फोडली आणि म्हटले, आज ना उद्या रस्ता होईल.

रस्त्यातल्या लोकांची बैठक भरली, तेव्हा राजनराव उभे राहिले. पुष्पचौर्याला राष्ट्रीय पोलीस दलाने वार्षिक अग्रक्रमात स्थान द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. कॉर्पोरल टेट म्हणाली, यंदाचे अग्रक्रम ठरून गेले आहेत, पण रस्त्याने स्वतः लक्ष ठेवायला हरकत नाही. त्यावर राजनराव जे बोलले, ते ऐकून मागच्या रांगेतल्या एका ट्रकड्रायव्हरने डोळे पुसले. जो दुसऱ्याने वाढवलेले तोडतो, त्याने कधी झाडाला पाणी घातलेले नसते, असे ते म्हणाले. सगळ्यांचे हात वर झाले आणि रस्त्याचा राखणदार ठरला. मृणालिनीबाईंनी हात वर केला नाही; त्यांनी तो कपाळाला लावला. जॅकेट मी स्वतः घेऊन येईन, असे कॉर्पोरल म्हणाली. राजनरावांनी तिला आणि डोरीनबाईंना गणेशचतुर्थीला मोदक खायला बोलावले.

चतुर्थीची पहाट झाली. राजनराव आज दुहेरी कामाने बाहेर पडले होते: देवाची फुले आणायची होती आणि चोराला पकडायचे होते. त्यांनी दबकत दबकत पाहणी केली. रस्ता निर्मनुष्य होता. कुठल्याही कुंपणाशी त्यांच्याखेरीज कोणी नव्हते. एका घराचा गुलाब घेताना त्यांनी मागे वळून पाहिले, दुसऱ्या घराचा झेंडू घेताना पुढे पाहिले. चोराचा मागमूस नाही. असे करत ते डोरीनबाईंच्या कुंपणाशी पोहोचले आणि थबकले.

हेन्रिएटा उमलली होती. लालबुंद, ताटाएवढी, दवाने ओथंबलेली, आणि आपल्याच भाराने कुंपणाबाहेर झुकलेली. राजनरावांचे हात आपोआप जोडले गेले. गणपतीला तांबडे फूल प्रिय, दिवस चतुर्थीचा, फांदी बाहेर. याहून स्पष्ट बोलावणे कोणते? क्षणभर मनात आले की बाईंचे हे लाडके फूल आहे. पण लगेच दुसरा विचार आला. इथे चोर फिरतो आहे. आज ना उद्या ते त्या दुष्टाच्या हाती पडणार. त्यापेक्षा देवाच्या मस्तकी गेलेले काय वाईट? आपण हे फूल वाचवत आहोत, अशा निर्मळ भावनेने त्यांनी काठीची मूठ पुढे केली.

मृणालिनीबाई स्वयंपाकघरात मोदक वळत होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा प्राणप्रतिष्ठा झाली होती, समया तेवत होत्या, दूर्वांच्या जागी लॉनचे कोवळे गवत होते, आणि शाडूच्या एवढ्याशा मूर्तीच्या डोक्यावर, सोंडेखेरीज सारे काही झाकून टाकत, हेन्रिएटा विराजमान होती. बाई काही बोलणार, तोच दारावरची घंटी वाजली.

कॉर्पोरल टेट बूट काढून आत आली. हातावर घडी घातलेले पिवळे जॅकेट होते. मागोमाग डोरीनबाई, हातात लेमन केक. त्यांनी सकाळपासून बागेत पाऊल टाकले नव्हते. हेन्रिएटाला पाहायचे सुख त्यांनी संध्याकाळसाठी राखून ठेवले होते. ते सुख त्यांना केळुसकरांच्या दिवाणखान्यात लाभले. केकची थाळी हळूच टेबलावर टेकली.

“रॅजन,” त्या म्हणाल्या, “ती माझी हेन्रिएटा आहे.”

“हो तर,” राजनराव अभिमानाने म्हणाले. “चोराच्या हाती लागायच्या आत मीच आणली.”

कॉर्पोरलने अतिशय सौम्य आवाजात विचारले की मग जूनपासूनची बाकीची फुले कुठे गेली असतील. राजनराव म्हणाले, ती पण इथेच येतात, रोज. आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडून त्यांच्याच कानांत शिरले, तेव्हा त्या दोन वेगळ्या गावांमधला रस्ता एकदम तयार झाला. त्यांनी देवाकडे पाहिले. कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिले. ज्या एका नावाने हाक ऐकायची आस धरली होती, ते नाव आता या रस्त्यावर कसे घेतले जाईल, ते त्यांना कळून चुकले.

“म्हणजे तो मी,” ते म्हणाले, आणि दोन्ही मनगटे जोडून त्यांनी कॉर्पोरलपुढे धरली.

मृणालिनीबाई मराठीत म्हणाल्या, “आधी आरती होऊ द्या, मग न्या म्हणावं.” मग तेच इंग्रजीत सांगितले.

कॉर्पोरलला हसावे की नोंद घ्यावी, ते सुचेना. फिर्यादी, आरोपी आणि मुद्देमाल एकाच खोलीत, शिवाय मुद्देमालावर कुंकू. डोरीनबाई मात्र मूर्तीजवळ गेल्या. वाकून त्यांनी फुलाखालचे चिमुकले डोळे शोधले. हे फूल आता काढता येईल का, असे त्यांनी विचारले. वाहिलेले काढता येत नाही, असे राजनराव रडवेल्या आवाजात म्हणाले. पण तुमच्यासाठी मी देवाची क्षमा मागून काढतो. आणि खरोखरच त्यांनी हात पुढे केला. तो हात डोरीनबाईंनी धरला.

“राहू दे. फेअरमधले परीक्षक दोन मिनिटं बघतात आणि दुसरा नंबर देतात. इथे ती सगळ्यांच्या वर बसली आहे.” मग त्यांनी बोट उगारले. “पण मला विचारायचं होतंस, रॅजन. मी स्वतः तोडून दिली असती.”

राजनराव खाली बसले आणि मूल रडते तसे रडले. मृणालिनीबाईंनी त्यांना मोदक दिला. रडता रडता त्यांनी तो खाल्ला.

राहिला प्रश्न जॅकेटचा. रस्ता ज्याच्या मागावर आहे त्यालाच राखणदार करणे बरे दिसणार नाही, असे कॉर्पोरल खेदाने म्हणाली. डोरीनबाईंनी बिनतोड तोडगा काढला: ते मृणालिनीला द्या, पूर्ण रस्त्यात चोर माहीत असलेली ती एकटीच होती. तेव्हा नारायणपेठ साडीवर चमकत्या पट्ट्यांचे पिवळे जॅकेट घालून मृणालिनीबाईंनी आरती धरली, कॉर्पोरलने झांजा वाजवल्या, आणि राजनराव दोघींच्या मागे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी घरी ठेवली आणि दारोदार जाऊन सांगितले की तुमची फुले नेणारा मी, राजन केळुसकर. काहीजण रागावले, बरेचजण हसले, ट्रकड्रायव्हरने पुन्हा डोळे पुसले. आज विलो बेंडमध्ये त्यांचे नाव ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. पोरेसोरेही रस्त्यापलीकडून त्यांना नावाने हाक मारतात. ते आता प्रत्येक दारी विचारून फुले घेतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारायला उजाडायच्या आधीच घंट्या वाजवल्या, आणि तशी तक्रार रस्त्याच्या राखणदारीणबाईंकडे गेली. त्यांनी जॅकेट घालून आरोपीला न्याहारीच्या टेबलाशी रीतसर ताकीद दिली.

हे गजानना, या राजनरावांना दीर्घ आयुष्य दे, आणि पहाटे थोडी जास्त झोप दे. मृणालिनीमाउलीचे सौभाग्य आणि तिखट जीभ दोन्ही अक्षय राहोत. लेकीचा दवाखाना भरलेला राहो, डोरीनबाईंच्या बागेवर गारा न पडोत, आणि ही कथा जिथे सांगितली जाईल त्या घराच्या उंबऱ्याशी येणारा प्रत्येक जण नावाने ओळखला जावो. त्या घरी अन्न असो, आनंद असो, आणि तुझा वास असो. मंगल असो, मंगल असो.